नातवंडांची शिरेतील औषधे आणि कोपऱ्यावरचा फार्मासिस्ट

हिमोफिलिया असलेल्या मुलाचा गुडघा सुजू लागला की उपचारासाठी हाती वेळ फार थोडा असतो. सांध्यात साचलेले रक्त कूर्चेला इजा करते आणि हे वारंवार घडत राहिले तर पाय कायमचा आखडतो. म्हणूनच रक्त गोठविणारा घटक, ज्याला आपण सारे ‘फॅक्टर’ म्हणतो, तो घरच्या घरी शिरेतून देण्याची पद्धत जगभर रुजली. आमच्या मुकुंदवाडीतून रात्री अकरा वाजता रिक्षा शोधायची, जालना रोडने शहर ओलांडून घाटी रुग्णालय गाठायचे, केसपेपर काढायचा आणि शीर सापडेपर्यंत थांबायचे, यात जाणारा वेळ घरच्या उपचाराने वाचतो. सांध्याच्या दृष्टीने हा वेळ मोलाचा असतो.

मात्र रुग्णालयात परिचारिका जे करते ते घरी कोणी करायचे? आई-वडील चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत पाळीवर गेलेले असतात. औषधाचा डबा, फ्रीजची किल्ली आणि लेकराचा हात, तिन्ही आजी-आजोबांच्या स्वाधीन असतात. रुग्णालयात सुई टोचायला शिकवतात. पण पुढच्या महिन्यांत पडणाऱ्या शंभर लहान प्रश्नांची उत्तरे द्यायला जवळपास असतो तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला फार्मासिस्ट. त्याला या कामाचे शिक्षण मिळाले आहे का, हा माझा आजचा विषय.

कायदा त्याला केवळ विक्रेता मानत नाही. फार्मसी ॲक्ट १९४८ चा. चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असा त्यातील नियम आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी रुग्णाला औषधाची माहिती देऊन समुपदेशन करणे हेही त्याचे कर्तव्य ठरविले. परंतु दुकानात उभे असलेले बहुतेक जण दोन वर्षांची पदविका आणि पाचशे तासांचे प्रात्यक्षिक करून आलेले असतात. या तासांत लहान मुलाच्या शिरेतील औषधाची कुपी विरघळवण्याचा प्रसंग क्वचितच येतो. सहा वर्षांचा फार्म.डी. हा अभ्यासक्रम २००८ पासून आपल्याकडे आहे आणि त्यातले विद्यार्थी एक वर्ष रुग्णालयात काढतात. पण ते पुढे गल्लीतल्या दुकानात फारसे दिसत नाहीत.

शिक्षणाची सुरुवात गणितापासून व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या माणसाला ‘एक गोळी’ सांगून भागते. मुलाचे सारे वजनावर चालते. फॅक्टर आठचे एक युनिट दर किलोमागे दिले की रक्तातील पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. वीस किलोच्या मुलाची पातळी चाळीस टक्क्यांनी वाढवायची तर चारशे युनिट लागतात. कुपी अडीचशेची येते, मग दोन कुप्या पूर्ण द्यायच्या का, हे डॉक्टर ठरवतो. पण चिठ्ठीवरचा आकडा वजनाशी जुळतो का, हे पाहणारा दुसरा डोळा फार्मासिस्टचा असावा. मूल वाढते आणि चिठ्ठी तीच राहते, हेही त्यालाच आधी दिसेल. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत, दशांश चिन्ह पुसट झाल्याने दहापट झालेली मात्रा, हे धोके बालरोग विभागांना जगभर ठाऊक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांतील चुका कमी करण्याची मोहीमच हाती घेतली.

दुसरी बाब विरघळवण्याची. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यातून शरीरात लोह साचते. ते बाहेर काढण्यासाठी आज बऱ्याच मुलांना तोंडाने घेण्याची औषधे पुरतात. काहींना मात्र डेसफेरिऑक्सामिन लागते. पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली बारीक सुई बसवून छोट्या पंपाने ते आठ ते बारा तास, आठवड्यातील पाच-सहा रात्री द्यायचे असते. याची पूड इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्यातच विरघळवावी लागते. सलाईन चालत नाही, द्रावण गढूळ होऊ शकते. दुकानात पाण्याच्या अँप्युल संपल्या आणि ‘हे पण तसेच आहे’ म्हणून सलाईन हाती दिले, तर आजीला फरक कळणार कसा? या औषधाने लघवी तांबूस होते, त्याची भीती नको. ताप आणि पोटदुखी मात्र एकत्र आली तर पंप बंद करून लगेच रुग्णालयात जावे. लोह वाढलेल्या शरीरात यर्सिनिया नावाचा जंतू बळावू शकतो.

फॅक्टरच्या कुपीला वेगळे वळण. ती फ्रीजमध्ये दोन ते आठ अंश तापमानात ठेवतात. फ्रीजच्या दारात ठेवू नये, बर्फाच्या खणात तर मुळीच नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वीज जाते, म्हणून दुकानातून घरी नेतानाही बर्फाची पिशवी कापडात गुंडाळूनच डब्यात ठेवावी. कुपीला बर्फाचा स्पर्श नको. वापरण्यापूर्वी कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. द्रावक घातल्यावर ती जोराने हलवायची नसते, तळहातांत अलगद फिरवायची असते. विरघळलेले औषध साधारण तीन तासांत द्यावे, पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नये. हे सारे डोळ्यांसमोर करून दाखवावे लागते आणि मग आजीकडून करून घ्यावे लागते. ‘समजले का?’ असे विचारल्यास आपली पिढी संकोचाने मान डोलावते. फार्मासिस्टने ‘आता मला करून दाखवा, आजी’ म्हणायला शिकावे.

पहिल्या काही मात्रा रुग्णालयातच व्हाव्यात, हेही त्याला माहीत हवे. विशेषतः फॅक्टर नऊ लागणाऱ्या मुलांना सुरुवातीला तीव्र ॲलर्जी होण्याचा संभव असतो. डोक्याला मार लागला तर फॅक्टर द्यावा आणि लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणखी एक गोष्ट त्याच्या वहीतून कळू शकते. एरवी दोन कुप्यांत थांबणारा रक्तस्राव चार कुप्यांनीही थांबेनासा झाला, तर शरीराने फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली असावीत, अशी शंका घ्यायला हवी. तारीख, बॅच क्रमांक, वजन आणि कारण एवढे लिहिणारी वही घरी हवी. तिच्यावर दर महिन्याला नजर टाकणारा माणूसही हवा.

सर्वांत मोठा धोका मात्र मला शिरेतल्या औषधात दिसत नाही. तो काउंटरवरच्या गोळीत आहे. गुडघा दुखतो म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन मागायला आजोबा मेडिकलमध्ये येतात आणि चिठ्ठीशिवाय गोळी मिळते. हिमोफिलियाच्या मुलाला ही औषधे रक्तस्राव वाढवणारी आहेत. त्याला स्नायूत इंजेक्शनही टाळावे. ‘गोळी कोणासाठी?’ एवढा प्रश्न विचारणारा फार्मासिस्ट कोणत्याही पंपाइतका उपयोगी ठरेल. वेदनेसाठी त्याने पॅरासिटामॉल द्यावे आणि फॅक्टर दिला का, हे विचारावे.

हे शिकवायला मोठी इमारत लागत नाही. घाटीचा बालरोग विभाग आणि उस्मानपुऱ्यातील शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय एकाच शहरात आहेत. मुकुंदवाडी, सिडको, चिकलठाणा या भागातील दुकानदारांना दोन रविवारी बोलावून रिकाम्या कुप्या, पाणी आणि पंप हाती देता येतील. खर्च चहापाण्याचा. फॅक्टर शासकीय रुग्णालयांतून मोफत मिळतो आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल हे आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आले आहेत. हक्काची माहितीही त्याच रविवारी देता येईल.

तोवर वाचकांनी आपल्या परीने एवढे करावे. औषध आणायला जाल तेव्हा मुलाची वही सोबत न्या आणि या महिन्याचे वजन त्यात लिहिलेले असू द्या. दुकानदाराला मुलाच्या आजाराचे नाव सांगून ठेवा, लाजू नका. नवीन कुपी जुन्या कुपीपेक्षा वेगळी दिसली तर घरी येऊन विचार करण्यापेक्षा तिथेच विचारा. वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालू नका. झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका. डबा तीन चतुर्थांश भरला की तो घंटागाडीत न देता, पुढच्या तपासणीला जाताना रुग्णालयात सुपूर्द करा.