समुद्रकाठी राहायला गेल्याने आजार कमी होतो का? जागा निवडण्यापूर्वी हे पाहा

"डॉक्टर, कोकणात राहायला गेलो तर बाबांचा दमा कमी होईल का?" उन्हाचा पारा चढू लागला की बाळापूर-अकोल्याकडे हा प्रश्न हमखास विचारला जातो. मुलगा ठाण्याला किंवा गोव्यात नोकरीला असतो, निवृत्तीचे पैसे हाताशी आलेले असतात, आणि 'समुद्राची हवा चांगली' हे लहानपणापासून ऐकलेले असते. काही कुटुंबे तर इथले घर विकायचीही तयारी करतात.

थोडक्यात उत्तर असे: समुद्रकिनाऱ्याला एकच एक हवामान नसते. एकाच तालुक्यातल्या दोन गावांत, कधी एकाच गावातल्या दोन घरांतही हवा वेगळी असते. त्यामुळे गावाच्या नावावर न जाता, रुग्णाचा आजार आणि प्रत्यक्ष घर पाहून निर्णय घ्यावा.

पारा कमी, तरी जीव घाबरा का होतो?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, किनाऱ्यावर तो बहुधा ३३-३४ च्या आसपास असतो. मग तिकडे आराम वाटायला हवा. पण शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. आपला कूलर याच तत्त्वावर चालतो. वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत तो खोली गार करतो, किनाऱ्यावर मात्र नुसता ओलावा वाढवतो.

तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून शरीराला जाणवणारी उष्णता मोजता येते. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर सावलीत साधारण ४२ अंशांसारखे वाटते. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तरी जवळपास ४१ अंशांसारखेच वाटते. म्हणजे पाऱ्यात १० अंशांचा फरक असूनही शरीरावरचा ताण जवळजवळ सारखाच. किनाऱ्यावर फरक पडतो तो वाऱ्याने. दुपारी समुद्राकडून येणारा वारा अंगावर आला तर हायसे वाटते. तो अडला तर घुसमट होते.

थोड्या अंतरावर हवा का बदलते?

दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. रात्री तो उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा दिवसाचा वारा कुठवर पोचतो यावर त्या जागेची हवा ठरते.

किनाऱ्यालगतची, पश्चिमेकडे उघडी असलेली उंच जागा वाऱ्याची असते. खाडीकाठच्या किंवा डोंगरांमधल्या सखल जागी वारा कमी आणि ओलावा जास्त असतो. सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकले की समुद्राचा परिणाम कमी होतो. रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे मार्च-एप्रिलमध्ये पारा ४० च्या पुढे जातो, तोही कोकणातच.

पावसाचा फरक तर फारच मोठा आहे. अकोला जिल्ह्यात वर्षाला साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ३००० मिलिमीटरच्या वर. चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंती ओल धरतात.

कोणत्या आजारात काय फरक पडतो?

दमा आणि ॲलर्जी: ज्यांना शेतातली धूळ, जिनिंगमधला कापसाचा तंतू किंवा कोरडी थंडी यांनी त्रास होतो, त्यांना जागा बदलल्यावर बरे वाटू शकते. पण ज्यांना बुरशीची किंवा घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी आहे, त्यांचा त्रास दमट घरात वाढू शकतो. हे किडे गाद्या-उशांत राहतात आणि ओलाव्यावर वाढतात. म्हणून आधी हे ओळखा: रुग्णाचा दमा आपल्याकडे केव्हा वाढतो? पावसाळ्यात वाढत असेल तर कोकणातला पावसाळा त्याला जड जाऊ शकतो.

बिडी-सिगारेट किंवा चुलीच्या धुराने झालेला फुप्फुसाचा जुना आजार: याला हवापालट हा इलाज नाही. धूर बंद करणे आणि औषधे नियमित घेणे, हाच उपचार.

सांधेदुखी: काही रुग्णांना दमट दिवसांत दुखणे जास्त जाणवते, काहींना काहीच फरक पडत नाही. जागा बदलल्याने सांध्याची झीज भरून येत नाही.

हृदयविकार आणि रक्तदाब: दमट उष्म्यात त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, त्यामुळे हृदयाचे काम वाढते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर घामाने शरीरातले पाणी आणि क्षार आणखी कमी होऊ शकतात.

मूतखडा: 'तिकडे ऊन कमी' म्हणून पाणी कमी प्यायले जाते, पण घाम तर जातच असतो. लघवी फिकट राहील इतके पाणी प्या. हृदय किंवा किडनीच्या आजारात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आपल्या खारपाणपट्ट्यातून सुटका होईल असेही गृहीत धरू नका. समुद्र आणि खाडीजवळच्या काही विहिरींचे पाणीही खारे असते. पाणी तपासून घ्या.

घर पाहताना

• झोपायच्या खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत का? वारा आरपार जायला हवा.
• पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंतीवर पावसाची झड बसते. तिथे पोपडे, काळे डाग किंवा कुबट वास आहे का? नुकताच रंग दिला असेल तर कपाटामागे पाहा.
• घर नदीच्या पुराच्या पातळीत किंवा तुटलेल्या डोंगरउताराखाली आहे का? जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले होते.
• रात्री अडीच वाजता दम लागला, तर ऑक्सिजनची सोय असलेले रुग्णालय किती वेळात गाठता येईल? घाटातला रस्ता आणि भर पाऊस धरून हिशेब करा.

आधी राहून पाहा, मग ठरवा

डिसेंबरात चार दिवस राहून कोकण सर्वांनाच मानवते. त्यावरून ठरवू नका. भाड्याने घर घेऊन एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत किमान पंधरा दिवस राहा. नव्या उष्म्याची सवय व्हायलाच एक ते दोन आठवडे लागतात.

खोलीत आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ठेवा. दम्याच्या रुग्णाने पीक फ्लो मीटरवर सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा वहीत लिहावा. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली वारंवार जात असेल, तर ती जागा मानवत नाही किंवा औषध कमी पडते आहे. डॉक्टरांना वही दाखवा. रात्री किती वेळा जाग आली आणि झटपट आराम देणारा पंप किती वेळा लागला, हेही लिहा.

औषधांची काळजी

बरे वाटले म्हणून पंप किंवा रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. श्वासातून घ्यायच्या पावडरच्या कॅप्सूल दमट हवेत ओलसर होतात आणि पावडरीच्या गुठळ्या होतात. त्या वापरायच्या वेळीच पाकिटातून काढा. साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच घट्ट लावा. जाताना जुने कागद, ईसीजी आणि औषधांची यादी सोबत न्या.

ताबडतोब रुग्णालय केव्हा गाठावे?

बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंप घेऊनही दम थांबत नसेल, पीक फ्लो ५० टक्क्यांच्या खाली गेला असेल, छातीत दुखत असेल किंवा उष्म्यात रुग्ण असंबद्ध बोलू लागला असेल, तर थांबू नका. पावसाळ्यात चिखलात किंवा भातशेतात वावरल्यानंतर ताप, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

इथले घर विकण्याचा निर्णय एक पूर्ण पावसाळा तिकडे काढल्यावरच घ्या. तोवर परतीची वाट मोकळी ठेवलेली बरी.