घोरणे आणि हृदयाचे बिघडलेले ठोके

जोरात घोरणारा माणूस पाहिला की आपण म्हणतो, दमलाय बिचारा, गाढ झोपलाय. पुष्कळदा त्याला नीट झोप लागलेलीच नसते. घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. घोरणे मध्येच थांबते, दहा-वीस सेकंद सगळे शांत, मग गुदमरल्यासारखा आवाज आणि पुन्हा घोरणे. हा स्लीप ॲप्निया. श्वास तासाला १५ पेक्षा जास्त वेळा अडत असेल तर आजार मध्यम, ३० च्या वर गेला तर तीव्र समजतात.

ज्यांच्या ईसीजीवर डॉक्टरांनी ‘एएफ’ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन लिहिले आहे, ज्यांची नाडी वेडीवाकडी चालते, त्यांनी याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो. बंद घशातून हवा ओढायला छाती धडपडते आणि त्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. झोप मोडते, बीपी उसळते. असे रात्री-रात्री, वर्षानुवर्षे चालले की त्या कप्प्यांत बिघाड होऊन लय सुटते. (आपल्याकडे लहानपणीच्या सांधेज्वराने झडपा खराब होऊनही एएफ होतो; तेव्हा सगळा दोष घोरण्यावर टाकू नये.)

शॉक देऊन किंवा ॲब्लेशन करून लय जागेवर आणली, पण ॲप्निया तसाच राहिला, तर ती पुन्हा बिघडण्याचा धोका जास्त दिसतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००३ मध्ये शॉक दिलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲप्नियावर उपचार न घेतलेल्यांपैकी ८२ टक्क्यांचा एएफ वर्षभरात परतला, उपचार घेतलेल्यांपैकी ४२ टक्क्यांचा. रुग्ण मात्र थोडेच होते.

उपचारातले मुख्य साधन म्हणजे सीपॅप यंत्र. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये पुढे आणले. हे ऑक्सिजनचे मशीन नव्हे. साधी हवा थोड्या दाबाने मास्कमधून सोडून ते घसा उघडा ठेवते. दिवसाची पेंग जाते, बीपीही थोडे उतरते. रिक्षा किंवा ट्रक चालवणाऱ्याच्या दृष्टीने एवढेही फार मोठे आहे.

पण यंत्र विकणारा जे सांगणार नाही ते इथे सांगितले पाहिजे. हृदयविकार किंवा लकवा आधीच झालेल्या २,७०० हून अधिक रुग्णांवरील २०१६ च्या चाचणीत सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत. लोक रात्री सरासरी साडेतीन तासही मास्क लावत नव्हते. नॉर्वेतील २०२१ च्या चाचणीत पाच महिन्यांत एएफही घटला नाही. म्हणून यंत्र आले, आता रक्त पातळ करणारी गोळी कशाला, असे घरात कुणी म्हणाले तर ऐकू नका. एएफमध्ये हृदयात गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा होतो. त्यापासून वाचवते ती गोळी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नये.

वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा मात्र खरा आहे. ऑस्ट्रेलियातच २०१५ च्या अभ्यासात वजनाचा दहावा भाग कमी करून टिकवणाऱ्यांचा एएफ इतरांपेक्षा पुष्कळ आटोक्यात राहिला. दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात. कुशीवर झोपल्याने काहींना बरे पडते.

ॲप्निया ज्याला आहे त्याला तो दिसत नाही, शेजारी झोपलेल्याला दिसतो. एका खोलीत सगळे झोपणाऱ्या घरात साक्षीदार हाताशीच असतो. मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, दिवसा डुलक्या, हेही सांगा. बाईच्या घोरण्याची चर्चा घरात होत नाही, ती नुसती ‘थकवा आहे’ म्हणते; पाळी गेल्यानंतर हा आजार बायकांतही वाढतो.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या छातीविकार विभागात झोपेच्या तपासणीची चौकशी करा. तपासणी न करता यंत्र घेऊ नका. कुणाचे जुने मिळाले तरी त्याचा दाब तुमच्यासाठी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मास्क नवा घ्या आणि तो रोज धुवा.