इरावतीबाई: ब्रह्मदेशातून पुण्यात

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा जन्म 15 डिसेंबर 1905 चा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. मुलीला नाव मिळालं ते तिथल्याच नदीचं. सातव्या वर्षी शिक्षणासाठी तिची रवानगी पुण्याच्या हुजूरपागेत झाली.

1928 मध्ये त्या संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना कवट्यांच्या मोजमापातून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व सिद्ध करायचं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावरून तसा फरक पडत नाही, असं प्रबंधात लिहिलं. त्या वयात, परक्या देशात, खुद्द गुरूसमोर हे मांडायला छाती लागते.

1939 पासून अखेरपर्यंत त्यांनी डेक्कन कॉलेजात शिकवलं. मात्र त्यांचा अभ्यास वर्गापुरता कधीच नव्हता. भारतभर हिंडून त्यांनी माणसांची मापं घेतली, नातेसंबंध टिपले. पंढरीच्या वाटेवर त्या दिंडीसोबत चालल्या. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगळ्या पंगतीत जेवतात, हे त्यांना सलत राहिलं आणि त्यांनी ते लिहिलं. त्यांच्या ‘युगान्त’ या पुस्तकाला 1968 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कोयना धरणाने उठवलेली काही कुटुंबं ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीतही वसवली गेली. या धरणग्रस्तांवरचा इरावतीबाई आणि त्यांच्या कन्या जाई निंबकर यांचा पाहणी-अहवाल 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. पुनर्वसनावर बोलणाऱ्या प्रत्येकाने तो आधी वाचावा.