दिवाळी खर्च: घरचा वेगळा, धंद्याचा वेगळा
आज फवारणीऐवजी हिशेबाचं. शेती उत्पन्नावर आयकर नाही, पण तुमच्या कृषी सेवा केंद्राच्या नफ्यावर आहे. कामगारांचा बोनस, गिऱ्हाइकांना वाटलेली मिठाई हा धंद्याचा खर्च. नफ्यातून वजा होतो. घरचा फराळ, कपडे, सहल नाही. म्हणून मिठाईवाल्याकडून दोन बिलं घ्या. बोनस असो की मिठाई, एका दिवशी एकाच माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर तो पूर्ण खर्च नामंजूर होतो, नुसती वरची रक्कम नव्हे. यूपीआय करा. वाटलेल्या भेटवस्तूंवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. आणि उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरून रिटर्न भरत असाल (आपल्यातले बरेच जण भरतात), तर यातलं काहीच वेगळं वजा होत नाही. बोनस वाटण्याआधी कर सल्लागाराला एवढं विचारून घ्या.