हिरड्यांचा आजार : कारणे आणि निदान

दात घासताना रक्त आले की बहुतेक जण ब्रशला दोष देतात आणि हिरड्यांना ब्रश लावण्याचेच टाळतात. वस्तुतः निरोगी हिरडीतून सहसा रक्त येत नाही. रक्तस्राव ही हिरड्यांच्या दाहाची सुरुवातीची खूण असून सफाई टाळल्याने हा दाह वाढतो.

दातांवर साचणारा जीवाणूंचा चिकट थर हे या आजाराचे मुख्य कारण आहे. हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्या असलेल्या १२ व्यक्तींनी दातांची सफाई थांबवली. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर तो ओसरला.

हा थर तसाच राहिल्यास लाळेतील क्षारांमुळे त्याचे कठीण कीटण बनते. ते ब्रशने निघत नाही. दाह खोलवर गेल्यास हिरडी दातापासून सुटते आणि दाताला आधार देणारे हाड झिजू लागते. यालाच बोलीभाषेत पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

अनियंत्रित मधुमेह, गर्भारपणातील संप्रेरकांचे बदल आणि काही औषधे यांमुळे हिरड्यांचे विकार बळावतात. तंबाखूचा धोका वेगळाच आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार वाढत असूनही धोक्याची सूचना मिळत नाही. महाराष्ट्रात अनेक घरांत दात घासण्यासाठी वापरली जाणारी मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते. तिने हिरड्या बळकट होतात, हा समज चुकीचा आहे.

निदानासाठी दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई दात आणि हिरडी यांमधील फटीत हलकेच सरकवतात. ही मोजणी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी केली जाते. ३ मिलिमीटरपर्यंतची खोली साधारणतः निरोगी मानली जाते. ४ किंवा त्याहून अधिक असल्यास पुढील तपासणी आवश्यक ठरते. रक्तस्राव आणि दातांची हालचालही पाहिली जाते. हाडाची झीज क्ष-किरण चित्रात दिसते.

हा आजार बराच काळ दुखत नाही. त्यामुळे दात हलू लागेपर्यंत थांबणे महागात पडते. दाह हिरडीपुरता मर्यादित असतानाच उपचार घेतल्यास हिरडी पूर्ववत होऊ शकते.