लेकराला लागलं, तर दावा करायचा का?

आज आपण एका घरगुती वाटणाऱ्या प्रश्नाकडे वळणार आहोत. दुसऱ्याच्या हातून आपल्या मुलाला अपघात झाला, तर पालकांनी कोर्टात जावं का? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. तेव्हा कोणतं कलम कुठे लावायचं, हे तुमचे वकील सांगतील. पण वकिलाकडे जायच्या आधी एक निर्णय घरातच, ओट्यावर बसून होतो. त्या निर्णयात विचारांची जी गल्लत होते, ती सोडवायचा आज प्रयत्न करू.

एक उदाहरण डोळ्यांसमोर धरू. आपलं नशिराबाद हमरस्त्यावरचं गाव. जळगाव-भुसावळ रस्ता म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा 6 क्रमांकाचा, आताचा 53. समजा, दुसरीतलं एक पोर शाळेतून येताना रस्ता ओलांडत होतं. भरधाव मोटारसायकलची धडक बसली, मांडीचं हाड मोडलं. चालवणारा शेजारच्या गावचा, ओळखीतला. तो पळाला नाही. त्यानंच मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पहिलं बिलही भरलं. चौथ्या दिवशी चार मोठी माणसं जमतात. एक म्हणतो, नशिबात होतं ते झालं. दुसरा म्हणतो, माणूस चांगला आहे, त्याला कशाला कोर्टात ओढता? तिसरा म्हणतो, पन्नास हजार घ्या आणि मिटवा. चौथा म्हणतो, सोडू नका त्याला, धडा शिकवा. चौघंही आपुलकीनंच बोलतात. पण चौघांच्या बोलण्यात मूल कुठे आहे? नशीब आहे, चालवणारा आहे, बापाचा राग आहे. मूल नाही.

आधी नशिबाचं पाहू. ॲरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात, न्यायावरच्या पाचव्या भागात, माणसाच्या हातून होणाऱ्या इजेचे प्रकार वेगळे केले आहेत. कोणालाही अपेक्षा करता आली नसती अशी इजा झाली, तर ते दुर्दैव. अपेक्षा करता आली असती, पण करणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तर ती चूक. आणि माहीत असून केलं, तर तो अन्याय. ही विभागणी आपल्याला फार उपयोगी आहे. आपल्या बोलण्यात दोनच कप्पे असतात: एक तर नशीब, नाहीतर गुन्हेगार. मधला कप्पा आपण विसरतो, आणि नुकसानभरपाईचा कायदा मुख्यतः त्या मधल्याच कप्प्यात राहतो. निष्काळजीपणा म्हणजे दुष्टपणा नव्हे. शाळा सुटायच्या वेळी, वस्तीजवळ, पोरं रस्त्यावर येणार हे चालवणाऱ्याला कळायला हवं होतं. ते त्यानं लक्षात घेतलं नाही, एवढंच दाव्यात म्हणायचं असतं. म्हणून 'माणूस चांगला आहे' हे खरं असलं, तरी ते दाव्याला उत्तर नाही. आणि 'धडा शिकवा' हेही दाव्याचं काम नाही. शिक्षेची बाब पोलिस केसमध्ये येते, ती वेगळी चालते. भरपाईचा दावा एवढंच विचारतो की झालेला भार कोणी उचलायचा.

उलट, अपघात खरोखर पहिल्या कप्प्यातला असेल, म्हणजे गाडी सावकाश होती आणि पोर उभ्या ट्रकमागून अचानक धावत आलं, तर ते तसं मान्य करायला हवं. दुःख मोठं आहे म्हणून दोष सापडलाच पाहिजे, असं नसतं. आपल्या दुःखासाठी दोषी शोधणं हाही एक अन्यायच आहे.

आता दुसरा प्रश्न, आणि आमच्या मते हाच मुख्य. हा दावा कोणाचा? सातबारा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. आजोबांनी नातवाच्या नावावर शेत केलं, तर नातवाच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहून आईचं किंवा बापाचं नाव येतं. अज्ञान पालनकर्ता. शेत कसतो बाप, सही करतो बाप, पण शेत बापाचं नाही. ते विकायचं तर कोर्टाची परवानगी काढावी लागते. हे आपल्याला पाठ आहे, कारण जमीन आहे. मग मोडलेल्या पायाची भरपाई कोणाची? तीही मुलाचीच. तिथेही आईबाप फक्त पालनकर्ते. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या 32 व्या आदेशात असं आहे की अज्ञान मुलाच्या वतीनं चालू असलेल्या दाव्यात तडजोड करायची, तर कोर्टाची परवानगी हवी. ती नसेल तर मूल ती तडजोड झुगारू शकतं. मुलाला मिळालेली रक्कमही कोर्ट सहसा बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं.

याचा अर्थ नीट लावू. 'आम्ही त्याला माफ केलं' असं आईबाप म्हणतात, तेव्हा आपल्या मनस्तापापुरती माफी द्यायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मन मोठं असावं. पण मुलाच्या पायाची माफी त्यांच्या हातात नाही. दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करता येत नाही, मग तो दुसरा आपल्या पोटचा का असेना. ही दोन नुकसानं वेगळी असतात, हे सर्वोच्च न्यायालयानंही ओळखलं आहे. दिल्लीतल्या एका रुग्णालयात चुकीच्या इंजेक्शननं एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. 1998 च्या त्या निकालात मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या स्वतःच्या यातनेबद्दल वेगळे पाच लाख कायम झाले.

इथे आईच्या मनातली एक भीती बोलून टाकू. 'मीच हात सोडला होता, आता कोर्टात माझंच नाव निघेल.' म्हणून कितीतरी आया गप्प बसतात. पण आईचं दुर्लक्ष झालं असलं, तरी त्यानं दुसऱ्याच्या चुकीपायी मुलाला मिळणारा हक्क बुडत नाही. आपली अपराधी भावना मुलाच्या हक्काच्या आड येऊ द्यायची नाही.

तिसरा प्रश्न: दाव्यातून मिळवायचं काय? लहान मुलाचं हाड मोडतं तेव्हा हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या भागाला धक्का बसला असेल, तर तो पाय पुढे आखूड राहू शकतो, वाकडा वाढू शकतो. हे आठवडाभरात कळत नाही, वर्षं जातात. चौथ्या दिवशी पन्नास हजारांत मिटवणं म्हणजे काय विकतोय ते न पाहता विकणं. हरयाणातल्या एका 12 वर्षांच्या मुलीला 2007 साली ट्रकच्या धडकेत मेंदूची जबर इजा झाली. न्यायाधिकरणानं सुमारे 11 लाख दिले, उच्च न्यायालयानं सुमारे पावणेसव्वीस, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 62 लाखांच्या वर. फरक कशामुळे पडला? तिला आयुष्यभर माणूस लागणार, त्याचा पगार कोण देणार, हा हिशेब शेवटी नीट मांडला म्हणून. आईबाप जन्माला पुरत नाहीत. भरपाईतल्या पैशाचं काम ते नसताना सुरू होतं.

पण कोर्टाकडून काय मिळत नाही, हेही ऐका. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाची मांडी मोडली. त्याला पुण्याला नेलं. तिथे भूल न देता जोर लावून हाड बसवलं, आणि त्याच रात्री मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. हाच तो जोशी विरुद्ध गोडबोले खटला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 1968 साली, म्हणजे घटनेनंतर 15 वर्षांनी. रक्कम तीन हजार रुपये. मुलगा परत आला नाही, आणि तीन हजारांत काय भरून निघणार? पण मृत्यूचं जे कारण वडिलांना सांगितलं गेलं होतं, ते तपासलं गेलं आणि टिकलं नाही. शिवाय रुग्ण हाती घेणाऱ्या डॉक्टरचं कर्तव्य काय, याचा आधार म्हणून आपल्या देशात तो निकाल आजही दाखवला जातो. म्हणजे दावा सत्य देऊ शकतो, भविष्याची तरतूद देऊ शकतो. मनाची शांती देईलच, असं नाही. ती हवी म्हणून कोर्टात जाऊ नका.

मग व्यवहारात कसं ठरवायचं? मूल पूर्ण बरं झालं, खर्च निघाला, मागे काही राहणार नाही असं हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं, तर दावा न करणं हा भ्याडपणा नव्हे. तो विवेक आहे. मागे काही राहण्याची शक्यता असेल, तर गाडीचा विमा आणि चालवणाऱ्याचं लायसन्स पाहा. विमा असेल, तर रस्त्यानं चालणाऱ्या मुलाची भरपाई सहसा कंपनी भरते, आणि ओळखीच्या माणसाला 'ओढण्याचा' प्रश्न बराच हलका होतो. त्याला तसं समजावून सांगा, संबंध टिकतात. विमाच नसेल, तर पैसे त्याच्या घरातून जाणार. तिथे निर्णय जड आहे. पण तिथेही एका बाजूला त्याचं घर आणि दुसऱ्या बाजूला मुलाची पुढची पन्नास वर्षं, असंच तोलायचं. आपली भीड त्या तागडीत टाकायची नाही.

आणि विचार करायला वेळ हवा असेल, तर कागद जपा. पोलिसांतली नोंद, एक्स-रे, बिलं, शाळेतली गैरहजेरी. स्टॅम्पपेपरवर घाईनं सही करू नका. मुलाला सज्ञान झाल्यावर दिवाणी दाव्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची सवलत कायद्यात आहे, पण त्या भरवशावर बसू नका. मोटार अपघाताच्या अर्जाला 2019 च्या दुरुस्तीनं सहा महिन्यांची मुदत घातली, ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. तिच्यावरून वाद न्यायालयात गेले आहेत, म्हणून आधीच अर्ज केलेला बरा. वकिलाला पैसे नाहीत, ही अडचण नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जळगावच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जा.

शेवटी ओट्यावरच्या त्या बैठकीत एक प्रश्न विचारायची सवय लावू या: हे पोर पंचवीस वर्षांचं होऊन समोर बसलं आणि त्यानं विचारलं, 'माझ्या वतीनं तुम्ही काय ठरवलंत, आणि का?' तर आपल्याजवळ सांगण्यासारखं उत्तर असेल का? ते 'दावा केला' असं असेल किंवा 'केला नाही' असं. दोन्ही चालेल. फक्त ते उत्तर त्याच्याकडे पाहून दिलेलं असावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.