धक्का ज्याचा मोठा, त्याने आधी थांबायचे

पुण्यातल्या कुठल्याही गजबजलेल्या रस्त्यावर सकाळच्या वेळी एकाच भांडणाचे दोन तुकडे ऐकू येतात. मोटारीतला माणूस काच खाली करून सायकलस्वाराला सांगतो, कडेने चालव. सायकलस्वार कडेला सरकतो, तर तिथे उभ्या केलेल्या गाडीचे दार उघडते, नाहीतर ड्रेनेजचे खचलेले झाकण येते. मग तो फुटपाथवर चढतो. तिथे चालणाऱ्या आजी त्याला सांगतात, ही चालायची जागा आहे, रस्त्यावर जा. तिघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, आणि तरी तिघांनाही दुसरा माणूस बेशिस्त वाटतो. अशा प्रसंगी आपण शिस्तीच्या गप्पा मारतो, संस्कार काढतो, परदेशातल्या रहदारीचे दाखले देतो. माझ्या मते या भांडणाची मुळे रस्त्यावरच्या जागेच्या वाटपात आणि वेगांच्या फरकात आहेत. वाटप सुधारेपर्यंत तंटा मिटवायचा असेल, तर एकच सूत्र न्याय्य ठरते: ज्याच्या वाहनाने समोरच्याला जास्त इजा होऊ शकते, त्याने आधी वेग कमी करायचा, आधी थांबायचे. आणि हे सूत्र सायकलस्वारालाही लागू आहे, कारण फुटपाथवर तोच मोठा असतो.

हे भावनेपोटी सुचलेले सूत्र नाही, शाळेतल्या भौतिकशास्त्रातून निघणारा हिशेब आहे. चालत्या वस्तूतली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरू आणि वेग ताशी १८ किलोमीटर. तशी १,२०० किलोची मोटार ताशी ५४ किलोमीटरने येत असेल, तर तिच्यातली ऊर्जा सायकलीच्या सुमारे १२७ पट भरते. स्वारासह १८० किलोची मोटारसायकल ताशी ४५ च्या वेगाने असेल, तर सुमारे १३ पट. आता हाच हिशेब खालच्या दिशेने करून पाहावा. ६५ किलोचा माणूस ताशी साडेचार किलोमीटरने चालत असेल, तर तीच सायकल त्याच्या २० पटींहून अधिक ऊर्जा घेऊन त्याच्याकडे येत असते. म्हणजे मोटारीसमोर जो दुबळा, तोच चालणाऱ्यासमोर बलवान. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला, की तिच्या धडकेत पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पटींनी वाढतो. पंधरा किलोमीटरचा हा फरक चालकाला पायाच्या किंचित दाबाइतकाच जाणवतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे याच हिशेबाची दुसरी बाजू दाखवतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले ३२,८२५, म्हणजे जवळजवळ पाचातला एक, पायी चालणारे होते आणि सुमारे तीन टक्के सायकलस्वार होते. या दोन गटांतल्या कुणाहीभोवती पत्र्याचे कवच नव्हते, एअरबॅग नव्हती. दुचाकीवरच्यांचा वाटा तर ४४ टक्क्यांहून अधिक आहे. दुचाकीस्वाराला सायकलवाला आडवा येणारा अडथळा वाटतो, पण ट्रक किंवा बससमोर तो स्वतःही तितकाच उघडा असतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की कायदा सर्वांना सारखा हवा. लहान वाहनवाल्याला सूट आणि मोठ्यावर ओझे, हा कुठला न्याय? आक्षेप वरवर पटतो. पण सारखा कायदा म्हणजे सारखी जबाबदारी असे आपण एरवीही मानत नाही. धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याकडून जास्त काळजीची अपेक्षा ही जुनी गोष्ट आहे. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपली वाहतूक नियमावली सुधारली, तेव्हा तिच्या आरंभीच रस्ता वापरणाऱ्यांची उतरंड मांडली. सर्वाधिक इजा करू शकणाऱ्या वाहनाच्या चालकावर सर्वाधिक जबाबदारी, आणि त्याच ओघात सायकलस्वारावर पादचाऱ्याची जबाबदारी. नेदरलँड्सचा कायदा भरपाईच्या बाबतीत आणखी पुढे जातो. मोटारीने सायकलस्वाराला किंवा पादचाऱ्याला धडक दिली, तर टाळता न येणारी परिस्थिती सिद्ध झाल्याखेरीज मोटारीच्या बाजूला निदान अर्धी भरपाई द्यावी लागते, आणि जखमी झालेले मूल चौदा वर्षांखालचे असेल तर जवळजवळ नेहमीच पूर्ण. यात मोटारवाल्याला गुन्हेगार ठरवलेले नाही. विम्याचा आधार असलेल्याने बिनविम्याच्या माणसाचा दवाखान्याचा खर्च उचलावा, इतकीच ही तजवीज आहे. मूल रस्त्यावर पळणारच, हे गृहीत धरून मोठ्याने गाडी चालवावी, ही अपेक्षा मला कठोर वाटत नाही.

उतरंड मान्य केली, तर सायकलप्रेमींना काही कडू गोष्टीही मान्य कराव्या लागतात. सायकल पर्यावरणाला चांगली, म्हणून फुटपाथवर तिचा हक्क, असे होत नाही. म्हाताऱ्या माणसाला मागून येणारी सायकल ऐकू येत नाही. आलीच तर तो दचकून नेमका त्याच बाजूला सरकतो. अशा पडण्यात खुब्याचे हाड मोडले, की अनेकांचे हिंडणे-फिरणे कायमचे थांबते. म्हणून गर्दीच्या फुटपाथवर किंवा टेकडीवरच्या पायवाटेवर सायकलस्वाराने उतरून सायकल हाती धरावी. मोकळ्या जागी घंटी लांबून वाजवावी. पाठीशी येऊन वाजवलेली घंटी हा हॉर्नच असतो. समोरचा वळून पाहीपर्यंत थांबावे आणि हातभर अंतर सोडून, चालण्याच्या वेगाने पुढे जावे. विजेवरच्या सायकलींनी हा प्रश्न अधिक टोकदार केला आहे. आपल्याकडे २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनांना काही अटींवर मोटार वाहन मानले जात नाही. कायद्याने ती सायकलीजवळ गेली असतील, पण बाळाला कडेवर घेऊन चालणाऱ्या आईच्या दृष्टीने ताशी चोवीसचा वेग हा दुचाकीचाच वेग आहे.

मोटारीकडून अपेक्षा काय, हेही तितकेच नेमके सांगता येते. जर्मनीत २०२० पासून सायकलस्वाराला ओलांडताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. आपल्या पेठांतल्या बोळात दीड मीटर जागाच नसते, असे म्हटले जाईल. मग तिथे ओलांडायचे नाही, पुढचा चौक येईपर्यंत मागे राहायचे. वाया जातात ते अर्धे मिनिट, आणि तेही पुढच्या सिग्नलला बहुधा जाणारच असते. रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या मोटारीचे चालकाकडचे दार डाव्या हाताने उघडायची सवय लावली, तर अंग आपोआप उजवीकडे वळते आणि मागून येणारा दिसतो. नेदरलँड्समध्ये दुसऱ्या बाजूच्या हाताने दार उघडण्याची ही पद्धत रुळलेली आहे. रिक्षाने प्रवासी उतरवण्यासाठी एकदम डावीकडे घेणे हा सायकलस्वाराच्या अंगावर येणारा रोजचा प्रसंग आहे. आधी मागे पाहून, सायकल पुढे जाऊ देऊन मग कडेला घेतले, तर तो टळतो.

सर्वांत जोरकस आक्षेप मात्र वेगळा आहे: सायकलवाले तरी नियम कुठे पाळतात? सिग्नल तोडतात, उलट्या दिशेने येतात, रात्री दिव्याशिवाय फिरतात. हे खरे आहे आणि झाकायचे कारण नाही. उलट्या दिशेने येणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही वेगांची बेरीज होते, आणि अंधारात बिनदिव्याची सायकल चालवणारा स्वतःचाच जीव टांगणीला लावतो. पण वागणे बदलते कशाने, हेही पाहायला हवे. डेन्मार्कच्या रस्ते विभागासाठी शहरांतल्या चौकांत कॅमेरे लावून झालेल्या पाहणीत, स्वतंत्र सायकलमार्ग असलेल्या ठिकाणी नियम मोडणाऱ्या सायकलस्वारांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होते. सायकलमार्ग नव्हता तिथे ते १४ टक्क्यांच्या आसपास गेले. देश तोच, माणसे तीच, संस्कारही तेच, बदलला तो फक्त रस्ता. आपल्याकडे मोठ्या रस्त्यांवरचा दुभाजक लांबच लांब अखंड असतो. समोर दिसणारे दुकान गाठायला मोटारीला पुढे जाऊन वळणे म्हणजे थोडे पेट्रोल. पायाने पॅडल मारणाऱ्याला ते उन्हातले जास्तीचे किलोमीटर असतात. उलटी दिशा चूकच, पण तिचा उगम दुभाजकाची आखणी करणाऱ्याच्या टेबलावर आहे.

राग इतका का येतो, याचाही अभ्यास झाला आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना सायकलस्वार किती प्रमाणात ‘माणूस’ वाटतात, हे एका मोजपट्टीवर नोंदवायला सांगितले. सायकल न चालवणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांनी आणि खुद्द सायकल चालवणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांनी त्यांना पूर्ण माणूस म्हणून गुण दिले नाहीत. हा निष्कर्ष वाचून अस्वस्थ व्हायला होते. ‘सायकलवाले’ हा शब्द आपण ज्या सुरात उच्चारतो, त्यात त्यांचे चेहरे पुसले जातात. आपल्या शहरांत त्या शब्दाखाली रात्रपाळीहून परतणारा वॉचमन येतो, पेपर टाकणारा मुलगा येतो, डबा अडकवून बांधकामावर निघालेला गवंडी येतो, आणि शनिवारी हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्याशी जाणारा इंजिनिअरही येतो. शेवटच्याकडे घरी मोटार असते. पहिल्या तिघांकडे दुसरा पर्याय बहुधा नसतो.

आता जागेकडे येऊ, कारण तंट्याचे बी तिथेच पेरले जाते. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली, आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली, आणि पुढच्या दशकांत शहराने चाक बदलले. रस्त्यांची आखणीही नव्या चाकाच्या सोयीने झाली. भारतीय रस्ते काँग्रेसने सायकलमार्गांच्या रचनेची मार्गदर्शक सूत्रे १९६२ मध्येच छापली होती, तेव्हा ज्ञानाची वाण नव्हती. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ने-आण केंद्रस्थानी ठेवली. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेने ८०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकल जाळ्याचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. पण प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सायकलमार्ग झाला तो फुटपाथ कापून. पेव्हर ब्लॉकचा एक रंगीत पट्टा चालणाऱ्यांच्या जागेतून काढला, मोटारींच्या मार्गिकेला हातही लावला नाही. त्या पट्ट्यात विजेचा डीपी, झाडाचे आळे, बसथांबा आणि उभ्या दुचाकी आल्या, आणि दोन दुबळ्यांना एकमेकांशी भांडायला सोडून दिले. सायकलस्वार आणि पादचारी यांच्यातल्या पुष्कळशा कुरबुरी अशा तऱ्हेने आपल्या पैशातून बांधल्या गेल्या आहेत. बसथांब्यावर हे नेमके दिसते. थांब्याच्या पुढून सायकलपट्टा गेला, तर बस आली की उतरणारा प्रवासी आणि सायकल समोरासमोर येतात. पट्टा थांब्याच्या मागून नेला आणि थांबा बेटासारखा ठेवला, तर झगड्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतात.

इथे करदात्याचा आक्षेप हमखास येतो: सायकलवाला कर भरत नाही, मग रस्त्यावर हक्क कसला? मोटार वाहन कर राज्य सरकार घेते. शहरांतर्गत रस्ते मुख्यतः महापालिकेच्या तिजोरीतून होतात, आणि ती मालमत्ता करासारख्या सर्वांच्या पैशातून भरते. भाड्याच्या खोलीत राहणाराही घरभाड्यातून त्यात भर घालतोच. पूर्वी तर अनेक नगरपालिका सायकलीवरही कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत, पण त्या बिल्ल्याने सायकलस्वाराला वेगळी जागा काही मिळाली नव्हती.

उरतो तो संख्येचा आक्षेप, की सायकली आहेतच किती? २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने कामावर जात होते, स्कूटर-मोटारसायकलवाल्यांपेक्षा किंचित जास्तच. मोटारीने जाणारे तीन टक्क्यांच्या आत होते. शिवाय संख्या हीच सुरक्षिततेची एक अट आहे. पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये अनेक शहरांची आणि देशांची आकडेवारी तपासून दाखवले, की सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली तर एकेकाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. त्यांच्या मते चालकाला सायकली दिसायची सवय होते आणि तो जपून वळतो. रस्ता धोक्याचा म्हणून लोक सायकल सोडतात, आणि सोडतात म्हणून उरलेल्यांसाठी तो आणखी धोक्याचा होतो. नेदरलँड्स याच चक्रात अडकले होते. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली, तेलसंकटाने सरकारलाही घाई झाली, आणि मोटारींच्या मार्गिकांतून जागा काढून सायकलींना देणे सुरू झाले. व्यापारी तिथेही चिडले होते, रस्ते तिथेही अरुंदच होते.

आपल्याकडे जागा काढायची झाली तर पहिली काढता येण्यासारखी आहे ती फुकट पार्किंगची. दिवसभर एकाच जागी उभी असणारी मोटार सुमारे पावणेदोन ते दोन मीटर रुंदी अडवते, म्हणजे एकेरी सायकलमार्गाला पुरेल एवढी. पुढच्या वेळी वॉर्डातल्या रस्त्याच्या कामाचा नकाशा लोकांसमोर ठेवला जाईल, तेव्हा त्यावर सायकलपट्ट्याचा रंग शोधण्याआधी एक गोष्ट मोजावी: पट्ट्याची रुंदी फुटपाथमधून घेतली आहे की पार्किंगमधून. ती फुटपाथमधून घेतलेली असेल, तर त्या कामावर हरकत नोंदवणाऱ्यांत सायकलस्वारांचे नाव पहिले असायला हवे.